धुरा फोडलेली बांधी

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. लोखंडी, दोनशे लिटरचा. कधी काळी मी निळा होतो. आता तो रंग शोधायचा तर माझ्या कड्यांच्या खाचेत बोट घालून पाहावे लागेल. माझे वरचे झाकण कापलेले आहे आणि बुडाशी एका बाजूला पितळेची तोटी बसवली आहे. जिथे तोटी आहे तिथे आधी एक छिद्र होते. माझी गोष्ट त्या छिद्राचीच आहे. ती सांगताना मला स्वतःचे फारसे कौतुक करता येणार नाही, पण लपवणारही काही नाही.

एका मोठ्या कारखान्यात सपाट पत्रा गोल वळवून, शिवण जोडून, वरखाली चकत्या दाबून मला घडवले. पहिल्यांदा माझ्यात गाड्यांचे वंगण भरले गेले. ट्रकवर उभा राहून मी बराच देश पाहिला आणि रिकामा झाल्यावर साकोलीच्या एका गॅरेजमागे येऊन पडलो. तिथे एके दिवशी एक शेतकरी आला. त्याने माझा रंग पाहिला नाही, मला हलवूनही पाहिले नाही. बोटे वळवून पेरांनी माझ्या पोटावर वरपासून खालपर्यंत टकटक केले आणि कान लावून ऐकत राहिला.

"काका, टरबूज नाई ते, ड्रम हाय," गॅरेजवाला म्हणाला.

शेतकरी हसला आणि त्याने मला बंडीवर चढवले. ते तुलाराम. साकोली तालुक्यातल्या एकोडी गावचे. त्या दिवसापासून मी त्यांचा.

त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. बोडीच्या पाळीखाली जेमतेम पाच गुंठ्यांची एक बांधी आहे. आमच्याकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. या बांधीत बोडीचा पाझर येतो, त्यामुळे इतरांच्या जमिनी तापलेल्या असतात तेव्हाही ही ओलसर असते. म्हणून तुलाराम दरवर्षी धानाची रोपे, ज्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो, याच बांधीत टाकत. चिन्नोर या सुवासिक धानाचे पऱ्हे. रोवणीच्या दिवसांत गावात कोणाचे पऱ्हे कमी पडले की तो माणूस सरळ तुलारामांच्या धुऱ्यावर येऊन उभा राही. त्याला मागावे लागत नसे. तुलाराम पेंढ्या मोजूनही देत नसत, ओंजळीने उचलून देत.

या बांधीच्या कोपऱ्यात, तणसीने, म्हणजे धानाच्या वाळलेल्या काडाने, शाकारलेल्या खोपडीत, दोन विटांवर मला उभे केले. माझ्यात डिझेल असे आणि शेजारच्या इंजिनाला ते लागे. इंजिन बोडीचे पाणी उचलून वरच्या बांध्यांना देत असे. दसऱ्याला इंजिनाबरोबर मलाही कुंकू लागे, झेंडूचे फूल मिळे. तुलाराम रोज येता-जाता माझ्या पोटावर पेरांनी दोनदा टकटक करत आणि सांगत, "अर्धा हाय," किंवा, "तीन बोटं कमी." काठी घालून मोजणाऱ्यांपेक्षा त्यांचे म्हणणे खरे निघे.

त्यांची मोठी मुलगी दामिनी लहानपणी माझ्या पोटाला पाठ टेकून पुस्तके वाचत बसे. सावलीतला पत्रा उन्हाळ्यातही गार लागतो. गावच्या वाचनालयाचे गुरुजी तक्रार करत की या पोरीने परत केलेल्या पुस्तकांना डिझेलचा वास येतो. तुलाराम त्यांना म्हणत की वास येतो म्हणजे वाचलेले आहे, न वाचलेल्यांना धुळीचा वास येतो.

पुढे वीज आली, मोटार बसली, इंजिन विकले गेले. दामिनी शिकली आणि साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. तिचा धाकटा भाऊ निकेश याने पॉवर टिलर घेतला. त्याच्या डिझेलसाठी मी राहिलो, पण आता कोणी मला पुसत नव्हते. खोपडीची तणस विरळ झाली. एका पावसाळ्यात माझ्याखालची एक वीट फुटली आणि मी थोडा कललो. माझ्या बुडाची एक कड ओल्या मातीत टेकली. तुलारामांनी ते पाहिले होते. पायाने विटेचा तुकडा सरकवून बघितला होता. उद्या दुसरी वीट आणू, असे म्हणाले होते. मित्रांनो, तो उद्या दोन वर्षे आला नाही.

गंज वरून येत असता तर कोणाच्या तरी डोळ्यांत आला असता. तो खालून आला. वरून मी ठणठणीत दिसत होतो.

त्या वर्षी मे महिन्यात चिखलणीची तयारी म्हणून निकेशने मला गळ्यापर्यंत भरले. दुसऱ्या दिवशी सगळे घर मोहाडीला लग्नाला गेले. त्याच दुपारी माझ्या बुडालगतच्या कडेचा पत्रा, नखाएवढ्या जागी, सुटला. आधी थेंब, मग धार. मला ओरडता येत नाही. डिझेल विटेवरून उतरले, पाटात गेले आणि पाटातून बोडीच्या पाझराबरोबर सगळ्या बांधीभर पसरले. पाच दिवस मी रिकामा होत राहिलो.

लग्नाहून आल्यावर तुलारामांनी नेहमीसारखे टकटक केले. मग पुन्हा केले. मग खाली वाकले. त्यांनी विटेकडे पाहिले, बांधीतली मूठभर माती उचलून नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. निकेश मागे उभा होता. दोघांपैकी कोणीही एकमेकांना काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे अनेकदा वाटले.

आता तुलारामांची चूक सांगतो. ती त्यांचीच नाही, धान पिकवणाऱ्या कोणाचीही झाली असती. धानाच्या माणसाला जमिनीच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत असते, ते म्हणजे पाणी. त्यांनी बोडीचे पाणी सोडून बांधी तुडुंब भरली, धुरे उंच केले आणि चिखलणी केली. त्यांना वाटले, धुऊन निघेल. पाण्यावर रंगीत तवंग आला, तो त्यांनी घमेल्याने काढून काढून टाकला. पण उरलेले तेल चिखलाबरोबर खाली दाबले गेले. वर पाणी, खाली कोंडलेली माती. पऱ्हे दोन बोटे उगवले, पिवळे पडले आणि बसले.

पुढच्या वर्षी त्यांनी आणखी पाणी दिले. पऱ्हे तेवढेही उगवले नाहीत.

ती दोन वर्षे तुलाराम पऱ्ह्यांसाठी खालच्या बांधीवाल्या गोमाजींकडे गेले. गोमाजी त्यांच्याच वयाचे, लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी कधी नाही म्हटले नाही. पण तुलाराम तिकडून पेंढ्या घेऊन येत तेव्हा धुऱ्यावरून न येता लांबच्या वाटेने येत, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या वर्षीच्या पौषात एका सकाळी ते बोडीवर आले, या बांधीच्या धुऱ्यावर बसले आणि उठले नाहीत. मी दहा पावलांवर होतो. त्याबद्दल मला याहून जास्त सांगता येत नाही.

तेरावा झाल्यावर दामिनी, निकेश आणि त्यांची आई निर्मलाबाई शेतावर आले. निकेश बांधीकडे पाठ करून उभा होता.

"ताई, भट्टीवाला तयार हाय," तो म्हणाला. "दीड फूट माती उचलून नेतो म्हनते. विटा भाजतानी तेल जळूनच जाते, त्याले काई फरक नाई. खाली खड्डा राहीन, त्यात मासे टाकू. अन् हा ड्रम भंगारात."

दामिनीने खाली बसून माती हातात घेतली. वास घेतला. वडिलांनी घेतला होता तसाच.

"मले एक पावसाळा दे."

"बाबानं दोन देल्ले."

"बाबानं पानी देल्लं. मी दुसरं काई देऊन पाहीन."

निकेश म्हणाला की मेलेल्या मातीला काय द्यायचे, आणि पुस्तकातले शेतात चालत नसते. शेवटी निर्मलाबाई बोलल्या. त्या दिवसांत त्या फार कमी बोलत.

"पुढच्या सालचे पऱ्हे टाकाच्या वक्तापर्यंत कोनी माती उचलन नाई. तवा नाई उगवलं तं मंग तुमचं तुमी पाहा."

म्हणजे दामिनीला दीड वर्ष मिळाले. तेवढ्यात बांधी जगली तर राहील, नाहीतर तिच्या विटा होतील.

दामिनीची एक वर्गमैत्रीण, भावना, नागपूरला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ती माघात आली. तिने बांधीत ठिकठिकाणी खड्डे केले, माती पिशव्यांत भरली आणि मग मला बाजूला सारायला सांगितले. माझ्या बुडाखालची काळी माती तिने सगळ्यांत जपून घेतली. मला वाटले, आता माझा गुन्हा सिद्ध होणार. पण ती वेगळेच सांगत होती. मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात आणि त्यांतल्या काहींना डिझेल पचते. ते बाहेरून आणावे लागत नाहीत. जिथे तेल बरेच दिवस सांडलेले असते तिथे तेच जगतात आणि वाढतात, म्हणून सगळ्यांत जास्त माझ्याच बुडाखाली असतील. फक्त त्यांना उपाशी आणि कोंडून ठेवायचे नाही. त्यांना हवा पाहिजे, ओल पाहिजे, शेण आणि थोडे खत पाहिजे.

"आणि पाणी?" दामिनीने विचारले.

"मुठीत दाबली तर लाडू व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये. एवढंच. पाणी साचलं की हवा बंद, आणि हवा बंद झाली की त्यांचं काम बंद."

दामिनी बोडीकडे पाहत राहिली. तिच्या वडिलांनी दोन वर्षे काय केले होते ते तिला त्या क्षणी कळले असावे.

ते जीव वाढवायला एक मोठे भांडे हवे होते. दामिनीने माझ्याकडे पाहिले. गावातून गॅस कटरवाल्याला बोलवायचे ठरले, तेव्हा निकेश आला. तो इतके दिवस बांधीकडे फिरकला नव्हता.

"डिझेलच्या ड्रमाले आग लावता का तुमी?" तो म्हणाला. "आतला वास पेटला तं ड्रमासंगं तुमीबी जासाल."

त्याने मला सोड्याच्या पाण्याने दोनदा विसळले, छिद्रात चिंधी कोंबून काठोकाठ पाण्याने भरले आणि छन्नी-हातोड्याने, ठोके घालत, दिवसभर बसून माझे झाकण कापले. संध्याकाळी मला आडवे करून तो बुडालगतच्या छिद्रावर बोट ठेवून बसला.

"मीच भरला होता हा," तो म्हणाला. "खाली पाहिलं नाई. पाहिलं असतं तं..."

"बाबानं वीट पाहिली होती," दामिनी म्हणाली. "त्यायनं मले सांगतलं होतं. त्यायले वाटे की त्यायच्यानंच झालं."

निकेशने मान वर केली. "मले नाई सांगतलं कधी."

"तू तरी त्यायले कुठं सांगतलं?"

मग निकेश उठला, घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी एक पितळेची तोटी घेऊन आला. गंजलेला पत्रा कातरून त्याने ती त्याच छिद्रात, रबराची चकती लावून, बसवली. जिथून मी बांधीचे नुकसान केले होते, तिथूनच आता मी तिला औषध देणार होतो. मला नव्या दोन विटा नाही, एक उंच सपाट दगड मिळाला.

माझ्यात शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी गेले. त्यात माझ्याच बुडाखालची माती आणि बांधीच्या कडेला जिथे हरळी तग धरून होती तिथली मूठभर माती. दामिनी सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर काठीने ढवळे. चौथ्या दिवशी बुडबुडे येऊ लागले. मित्रांनो, माझ्या पोटात आजवर वंगण होते, डिझेल होते. ती सगळी यंत्रे चालवण्यासाठी होती. पहिल्यांदाच माझ्यात काहीतरी जगत होते.

मग काम सुरू झाले. दामिनी वडिलांचा दुपट्टा डोक्याला बांधून बांधीत उतरे. दर आठ दिवसांनी कुदळीने माती वरखाली करायची, त्यात कापलेली तणस आणि कुजलेले शेणखत मिसळायचे, भावनाने वजन करून दिलेले थोडे युरिया आणि फॉस्फेट विरजणासारखे पसरायचे, आणि तोटीखालची बादली भरून शिंपायची. तिच्या हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. शाळेत खडू धरताना दुखते असे ती आईला एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही.

काही सुधारणा होते आहे की नाही हे पाहायला तिने एक सोपी पद्धत काढली होती. बांधीची माती परातीत घेऊन त्यात धानाचे मोजून शंभर दाणे टाकायचे आणि किती उगवतात ते खोपडीच्या भिंतीवर खडूने लिहायचे. माघात नऊ उगवले. चैत्रात एकोणीस. मे संपता संपता एकतीस.

पण खरी परीक्षा पावसाळ्याची होती. आमच्या भागात पाऊस आला की माणूस आधी धुरे बघतो, कुठे फुटले असतील तिथे चिखल लावतो. दामिनीने उलट केले. तिने फावड्याने धुरा फोडला. पाणी साचू नये, वाहून जावे म्हणून. वाहणारे पाणी खालच्या बांधीत जाऊ नये यासाठी तिने फोडलेल्या जागी मोठा खड्डा खणून त्यात तणस आणि कोळसा भरला, म्हणजे उरलेला तवंग तिथेच अडकावा. आजूबाजूच्या सगळ्या बांध्या पाण्याने भरलेल्या, आकाशाचे प्रतिबिंब दाखवणाऱ्या, आणि मधली ही एकच कोरडी, ढेकळांची. गावात विषयच झाला. मास्तरीणबाईने बांधी वाळत घातली आहे, असे लोक म्हणू लागले. गोमाजी रोज धुऱ्यावरून जाताना थांबत, मान हलवत आणि विचारत की यंदा इथे धान लावणार आहेस की पापड वाळवणार.

श्रावणात दामिनीला चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी भंडाऱ्याला जावे लागले. निर्मलाबाई तापाने अंथरुणावर होत्या. निकेश लोकांच्या चिखलण्या करत फिरत होता. दुसऱ्या दिवशी पावसाने जोर धरला आणि बांधीतले पाणी फोडलेल्या धुऱ्यातून खळाळत जाऊ लागले. गोमाजी तिथून जात होते. ते थांबले. थोडे पुढे गेले. परत आले. मग त्यांनी धोतर खोचले, चिखल कालवला आणि तो धुरा बांधून टाकला. फार सुंदर बांधला. पायाने दाबून, हाताने लिंपून, बोट घालून बघितले की कुठे पाझर नाही ना. मी सगळे पाहत होतो आणि पुन्हा एकदा मला काही बोलता येत नव्हते.

दामिनी परतली तेव्हा बांधी तुडुंब भरली होती. पाण्यावर तो रंगीत तवंग परत आला होता आणि कुजल्यासारखा वास सुटला होता. गोमाजी लगबगीने आले. त्यांचा चेहरा एखादे मोठे काम करून दिल्यासारखा होता.

"पानी वाहून जाऊन रायलं होतं, पोरी. मले पाहावलं नाई. तू नोती, तुही माय पडली होती. म्हनलं, तुलारामची बांधी हाय, अशी कशी उघडी सोडाव. मस्त बांधला धुरा, पाय, एक थेंब जात नाई."

दामिनी धुऱ्यावर बसली. तिचे वडील ज्या जागी बसले होते तिथेच. मला वाटले, आता ती रागावेल किंवा रडेल. तिने दोन्ही केले नाही.

"तुमच्या जागी बाबा असते तं त्यायनंबी बांधला असता, काका."

"तं मंग?"

"मंग मी त्यायलेबी हेच सांगतलं असतं. धानाले पानी पायजे. पन हे तेल खानारे जीव हायेत न, त्यायले हवा पायजे. पान्याखाली ते गुदमरते. आपन पानी देऊ देऊ त्यायलेच मारून रायलो होतो."

गोमाजींना समजायला वेळ लागला. ते पाण्याकडे पाहत राहिले, मग तवंगाकडे, मग आपण लिंपलेल्या धुऱ्याकडे.

"म्हंजे तुलारामनं दोन सालं..."

"हो."

"त्याले ठाऊक नोतं."

"कोनालेच नोतं, काका. मलेबी नोतं."

भर श्रावणात भरलेल्या बांधीचा धुरा गोमाजींनी साठ वर्षांत कधी फोडला नव्हता. दामिनीने फावडे उचलले तेव्हा त्यांनी ते तिच्या हातून घेतले.

"दे इकडं. बांधला मीच हाय."

त्यांनी डोळे बारीक करून पहिला घाव घातला. पाणी सुटले तेव्हा ते तिकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत गोमाजी रोज येत आणि धुरा उघडा आहे ना ते पाहत. एकदा कोणी वाटसरूने दोन ढेकळे टाकून वाट बुजवली, तर त्याला त्यांनी असे झापले की तो बिचारा आजही त्या बाजूने येत नाही.

त्या साचलेल्या पाण्याने बरेच मागे नेले. भिंतीवर दामिनीने एकतीसच्या पुढे चौदा लिहिले. लिहून झाल्यावर थोडा वेळ खडू हातात धरून उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा माझ्यात शेण कालवायला आली. यावेळी तिच्या मागे निकेश होता. कोणी बोलावले नव्हते. बांधी निथळल्यावर त्याने पॉवर टिलर उतरवला आणि तिने कुदळीने दोन महिन्यांत केले असते ते दोन दिवसांत केले. मग दर आठवड्याला तो येत राहिला. भट्टीवाला पुन्हा विचारायला आला होता. निकेशने त्याला सांगितले की अजून वेळ आहे.

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, झाल्यावर कार्तिकात त्यांनी लाखोळीची डाळ पेरली. ती खाण्यासाठी नव्हती, मातीला धरण्यासाठी होती. ती सगळीकडे आली नाही. इकडे एक पुंजका, तिकडे एक. पण जिथे आली तिथे तिला निळी फुले आली आणि निर्मलाबाई बऱ्याच दिवसांनी बांधीत उतरल्या. फुले येऊन गेल्यावर लाखोळी मातीतच गाडली. फाल्गुनात भिंतीवर एकसष्ट लिहिले गेले. मे महिन्यात भावनाचा कागद आला की तेल जवळजवळ संपले आहे, पऱ्हे टाकायला हरकत नाही. त्या दिवशी परातीत अठ्ठ्याऐंशी दाणे उगवले होते.

प्रश्न होता बियाण्याचा. तुलारामांचे चिन्नोर तीन वर्षे पिकले नव्हते, सगळ्यांना वाटले ते संपले. निर्मलाबाई घरात गेल्या आणि एक मडके घेऊन आल्या. दरवर्षी त्या परसातल्या सिमेंटच्या नांदीत मूठभर चिन्नोर लावत होत्या आणि लोंब्या राखेत ठेवत होत्या. कोणाला सांगितले नव्हते.

"हे कायले केलं, आई?" निकेशने विचारले.

"बांधी आज ना उद्या मांगन म्हनून," त्या म्हणाल्या.

मृगात पऱ्हे टाकले. सातव्या दिवशी माती हिरवी झाली. पंधराव्या दिवशी वाऱ्याने पऱ्हे एका बाजूला झुकू लागले. एकच जागा उघडी राहिली, माझ्या बुडाएवढी, गोल. जिथे मी पूर्वी उभा होतो ती. निकेश ती खणून फेकून देतो म्हणाला. दामिनीने नको म्हटले. तिथे काम बाकी आहे एवढेच, ती म्हणाली. आजही रोज माझ्या तोटीखालची पहिली बादली त्या गोलावर जाते. यंदा त्याच्या कडेला हरळी शिरली आहे.

रोवणी सुरू झाली तेव्हा एका सकाळी गोमाजी धुऱ्यावर येऊन उभे राहिले. खालची त्यांची बांधी मला इथून स्पष्ट दिसते. तिच्यात पऱ्हे भरपूर होते.

"वयनी," ते निर्मलाबाईंना म्हणाले, "पऱ्हे कमी पडून रायले. चार पेंढ्या भेटतीन का?"

निर्मलाबाईंनी त्यांच्या बांधीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले. मग वाकल्या आणि मोजल्याशिवाय, ओंजळीने उचलून दिल्या. गोमाजी त्या खांद्यावर घेऊन धुऱ्यावरूनच गेले.

मित्रांनो, माझे वय झाले आहे. मी गंजणार आहे, आणि त्याचे मला दुःख नाही. तुमच्या घरी, शेतात, गोठ्यात माझ्यासारखे काहीतरी कोपऱ्यात उभे असेल. त्याला वरून पाहू नका. कधीतरी ते उचला आणि त्याच्याखाली पाहा. वीट फुटलेली दिसली तर ती त्याच दिवशी बदला. आणि तुमच्या हातून काही सांडलेच, तर ते एकमेकांना सांगा. मनात कोंडून ठेवलेल्या गोष्टीलाही हवा लागत नाही. माती मेली असे म्हणण्याआधी तिला काय हवे आहे ते विचारा. आपल्याला जे द्यायची सवय आहे तेच तिला हवे असेल असे नाही.

त्या सकाळी गोमाजी गेल्यावर दामिनी माझ्याकडे आली. तिच्या हातात काठी होती, पण तिने ती माझ्यात घातली नाही. बोटे वळवून पेरांनी माझ्या पोटावर दोनदा टकटक केले आणि कान लावला. बांधीत वाकलेल्या निर्मलाबाई त्या आवाजासरशी ताठ झाल्या आणि इकडे वळल्या.

"अर्धा हाय," दामिनी म्हणाली.

तिने नंतर काठी घालून पाहिली. तीन बोटे चुकली होती. त्यात काय, ती शिकेल.